कणा मोडलेल्यांसाठी परळमध्ये प्रयोगशाळा हवी

२०२६च्या फेब्रुवारीत एक बातमी निरनिराळ्या गटांतून फिरत माझ्या फोनवर येऊन पडली. अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात सॅम्युअल स्टप यांच्या गटाने माणसाच्या पेशींपासून मज्जारज्जूचा लहानसा तुकडा प्रयोगशाळेत वाढवला, त्याला मुद्दाम इजा केली आणि एक औषध सोडून ती इजा भरून येऊ लागल्याचं दाखवलं. बातमी खरी होती. ‘नेचर बायोमेडिकल इंजिनीअरिंग’ या नियतकालिकातल्या शोधनिबंधावरची. पण माझगावात पोचेपर्यंत तिचं ‘लकव्यावर औषध सापडलं’ झालं होतं. त्याच संध्याकाळी डॉकयार्ड रोड स्टेशनजवळ ओळखीच्या एका बाईंनी मला अडवलं. त्यांचा मुलगा दहीहंडीच्या सरावात वरच्या थरावरून पडला, तेव्हापासून त्याचं कमरेखालचं अंग गेलं आहे. हातातली पिशवी खालीसुद्धा न ठेवता त्यांनी विचारलं, “ताई, आता उठेल ना हो तो?”

मी महापालिकेच्या रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट होते. मणका मोडलेली माणसं हेच माझं आयुष्यभराचं काम. लोकलमधून पडलेले, परांचीवरून घसरलेले रंगारी, दारूखान्यात जहाज तोडताना खाली आलेले गॅस कटर, गच्चीवर पतंग उडवताना तोल गेलेली पोरं. त्या आईला मी रस्त्यात उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं. इथे नीट सांगते, कारण हा तिच्या एकटीचा प्रश्न नाही. या बातमीतून आपल्या शहराने जो बोध घ्यायला हवा तो कुणी घेताना मला दिसत नाही.

आधी इजा म्हणजे काय ते. मज्जारज्जू मोठ्या माणसात साधारण ४५ सेंटिमीटर लांब असतो, आणि जाडी दीड सेंटिमीटरच्याही आत. मेंदूकडून पायाकडे, पायाकडून मेंदूकडे, मूत्राशयाकडे, आतड्यांकडे जाणारे सगळे निरोप एवढ्याशा जागेतून जातात. पडल्यावर तो कापला जातो असा लोकांचा समज आहे. बहुतेक वेळा तो कापला जात नाही, चेचला जातो. मणक्याचं हाड सरकून त्याच्यावर येतं, सूज चढते, रक्तपुरवठा तुटतो, आणि पुढच्या काही तासांत नि दिवसांत पहिल्या धक्क्यातून वाचलेल्या पेशीही मरू लागतात. मग आधारपेशी त्या जागेभोवती वण तयार करतात. हा वण सूज पसरू देत नाही हे चांगलं, पण तुटलेले तंतू पुन्हा वाढू पाहतात तेव्हा त्यांची वाटही तोच अडवतो. हातापायातली नस तुटली तर दिवसाला मिलिमीटरभर तरी वाढते. मज्जारज्जूतली वाढत नाही.

नवा पेशंट वॉर्डात आला की आम्ही सेफ्टी पिन आणि कापसाचा बोळा घेऊन बसतो. आधी गालावर टोचून दाखवायचं, “हे असं. आता डोळे मिटा आणि तसंच टोचलं तर सांगा.” मग खांद्यापासून एकेक पट्टा खाली यायचं. स्तनाग्रांच्या रेषेत छातीच्या भागातली चौथी नस, बेंबीच्या रेषेत दहावी, जांघेत कमरेची पहिली. कुठेतरी दोन बोटांच्या अंतरात ‘टोचतंय’ थांबतं आणि पेशंट गप्प होतो. तिथे पेनाने खूण करायची, फाइलमध्ये तारीख घालायची. शेवटी गुदद्वाराजवळची संवेदना तपासायची. तिथे लाज वाटते म्हणून नातेवाईक बाहेर जातात, पण सगळ्यांत महत्त्वाची तपासणी तीच. तिथे किंचितही कळत असेल तर इजा पुरती नाही, काही तंतू शाबूत आहेत. अशा पेशंटची ती पेनाची खूण पुढच्या सहा महिन्यांत, वर्षात बऱ्याचदा खाली सरकते. औषधाने नाही. सूज उतरल्याने, व्यायामाने, शाबूत तंतूंनी जास्तीचं काम अंगावर घेतल्याने. वाचकांनी ही खूण ध्यानात ठेवावी, पुढे ती लागणार आहे.

आता त्या प्रयोगशाळेत काय झालं. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या त्वचेतल्या पेशी चार जनुकांच्या साहाय्याने मागे नेऊन दाखवल्या, जिथून शरीरातली कोणतीही पेशी घडू शकते अशा अवस्थेपर्यंत. २०१२ सालच्या नोबेलचे ते मानकरी. या मूळपेशींना ठरावीक क्रमाने ठरावीक रसायनं दिली की गर्भात मज्जारज्जू घडताना जे होतं त्यातलं बरंच काही बशीत होऊ लागतं. पेशी स्वतःहून गोळा होतात, थर धरतात, चेतापेशी आणि आधारपेशी वेगवेगळ्या होतात. कित्येक महिन्यांनी साबुदाण्याएवढा एक जिवंत गोळा तयार होतो. याला ऑर्गनॉइड म्हणतात. स्टप यांच्या गटाने त्यात मायक्रोग्लिया नावाच्या, मज्जारज्जूत पहारा करणाऱ्या रोगप्रतिकारक पेशीही घातल्या. मग काही गोळे पात्याने चिरले, काही दाबून चेचले. दोन्हींत पेशी मेल्या, सूज आली आणि तो वणही तयार झाला. मग त्यांनी आपलं औषध दिलं, जे २०२१ साली पाठीला इजा झालेल्या उंदरांना दिल्यावर उंदीर चालू लागले होते. माणसाच्या गोळ्यात वण घटला आणि चेतातंतू वाढले.

मला यात औषधापेक्षा तो वण महत्त्वाचा वाटतो. माझ्या पेशंटच्या पाठीत, हाडांच्या आड, काय चाललं आहे हे मी कधीच पाहू शकले नाही. एमआरआयवर पांढरा डाग दिसतो, एवढंच. जिवंत माणसाच्या मज्जारज्जूचा तुकडा तपासायला काढता येत नाही, काढला तर जे उरलं आहे तेही जाईल. म्हणून आजवर बहुतेक अभ्यास उंदीर, मांजर, माकड यांच्यावर झाला. आता माणसाच्याच पेशींत ती इजा घडताना, तासातासाने, काचेखाली बघता येते. आणि काम एकाच ठिकाणी चाललेलं नाही. बर्लिनमध्ये मिना गौती यांच्या गटाने २०२० साली मज्जारज्जू आणि स्नायू एकत्र वाढवले. तो स्नायू चेतापेशींच्या हुकमाने आकसतो. सेऊलमधल्या कोरिया विद्यापीठाने २०२२ साली गर्भातल्या चेतानलिकेची घडी कशी मिटते ते अशाच ऊतीत दाखवलं आणि अपस्माराची औषधं त्यावर तपासली, कारण त्यांतल्या काही औषधांमुळे बाळाची पाठ उघडी राहू शकते.

प्राण्यांवर केलेले प्रयोग आपल्याला कुठे घेऊन गेले हे सांगताना मला पोलिओबद्दल बोललंच पाहिजे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या खात्यात पोलिओच्या मुलांची रांग असे. पायाला बांधायच्या कॅलिपरच्या पट्ट्यांचा, घामाचा, पावसाळ्यात गंजलेल्या सांध्यांचा तो वास मला अजून आठवतो. पोलिओ हाही मज्जारज्जूचाच आजार. त्याचा विषाणू मज्जारज्जूच्या पुढच्या भागातल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी नेमक्या मारतो. संवेदना शाबूत राहते, पाय मात्र लुळा पडतो.

१९०८ साली व्हिएन्नात लँडस्टायनर आणि पॉपर यांनी मृत मुलाच्या मज्जारज्जूचा अर्क माकडांना टोचून हा आजार संसर्गाचा आहे हे दाखवलं. माकडांशिवाय ते कळलं नसतं, हे मी मान्य करते. पण पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत सायमन फ्लेक्सनर यांनी ऱ्हीसस माकडांत हा विषाणू वर्षानुवर्षं एकाकडून दुसऱ्याकडे टोचत नेला. टोचून टोचून तो विषाणू फक्त चेतापेशींत वाढणारा झाला. त्यात ऱ्हीससला तोंडावाटे हा आजार सहज होत नाही, नाकावाटे होतो. त्यावरून शास्त्रज्ञांनी ठरवलं की माणसालाही तो नाकातूनच होतो आणि थेट मेंदूकडे जातो. १९३७ साली टोरांटोत साथ आली तेव्हा सुमारे पाच हजार मुलांच्या नाकात झिंक सल्फेट फवारलं गेलं. पोलिओ थांबला नाही. काही मुलांना वास येणं मात्र बंद झालं. माणसात विषाणू तोंडातून जातो आणि आतड्यांत वाढतो, ही साधी गोष्ट कळायला आणि पचायला इतकी वर्षं गेली.

वाट मोकळी झाली ती १९४९ साली. बॉस्टनमध्ये एंडर्स, वेलर आणि रॉबिन्स यांनी काचेच्या नळीत वाढवलेल्या माणसाच्या ऊतींमध्ये, चेतापेशी नसलेल्या ऊतींमध्ये, पोलिओचा विषाणू वाढवला. सहा वर्षांत, १९५५ साली, साल्क यांची लस बाजारात आली. तिघांना १९५४ सालीच नोबेल मिळालं होतं. माणसाच्या आजाराचा प्रश्न माणसाच्या ऊतीला विचारला आणि उत्तर मिळालं. ज्या लशीने आपल्याकडचा पोलिओ गेला, ती तोंडावाटे द्यायची लस परळच्या हाफकिन संस्थेने किती मुलांपर्यंत पोचवली हे मुंबईकरांना सांगायला नको. २०११च्या जानेवारीत हावड्यात देशातला शेवटचा रुग्ण सापडला, २७ मार्च २०१४ला प्रमाणपत्र मिळालं. आमच्या खात्यातले कॅलिपर हळूहळू कमी होत गेले. हा बदल मी डोळ्यांनी पाहिला आहे. म्हणून प्रयोगशाळेत वाढवलेल्या ऊतीला कुणी खेळणं म्हटलं की मला राग येतो. त्याच लशीची विषाक्तता जगभर अनेक दशकं माकडांच्या मज्जारज्जूत लस टोचून तपासली जाई. नंतर माणसाचं जनुक घातलेले उंदीर आले, विषाणूची जनुकीय तपासणी आली, आणि माकडांची गरज कमी होत गेली. नियम बदलतात. बदलायला कुणीतरी आधी चांगली चाचणी तयार करून दाखवावी लागते.

मणक्याच्या इजेत अशी चाचणी आजवर नव्हती आणि त्याची किंमत पेशंटनी मोजली. १९९०च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीनंतर इजेच्या पहिल्या आठ तासांत मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड मोठ्या मात्रेत द्यायची पद्धत जगभर पडली. २०१३ साली अमेरिकेतल्याच न्यूरोसर्जन संघटनांनी ते देऊ नये असा सल्ला दिला. फायद्याचा पुरावा तोकडा, जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावाचा धोका पक्का. जीएम-१ नावाच्या औषधावर १९९१च्या छोट्या चाचणीने आशा लावली, सातशेहून अधिक रुग्णांच्या चाचणीचे निकाल २००१ साली आले तेव्हा ती टिकली नाही. उंदराला चालतं करणारी किती औषधं माणसात फसली त्याची यादी लांबलचक आहे. उंदराच्या मज्जारज्जूत हालचालीचे मुख्य तंतू मागच्या बाजूने जातात, माणसात बाजूने. चार पायांवर चालणाऱ्या प्राण्याला तोल सावरायला मेंदूची मदत कमी लागते. हे फरक किरकोळ नाहीत.

आता त्या आईला जे नीट सांगायला हवं होतं ते. हा गोळा म्हणजे मज्जारज्जू नाही. त्याला रक्तवाहिन्या नाहीत, म्हणून काही मिलिमीटरपेक्षा मोठा झाला की आतून मरू लागतो. त्याच्याभोवती हाड नाही, वर मेंदू नाही, खाली मूत्राशय नाही. त्याच्या पेशींचं वय गर्भातल्या बाळाएवढं असतं, आणि गर्भातल्या पेशी तशाही जास्त वाढतात. बावीस वर्षांच्या मुलाच्या, वर्षभर जुन्या इजेत तेच औषध काय करेल हे त्या गोळ्याला सांगता येत नाही. तो सांगू शकतो ते एवढंच की अमुक औषध माणसाच्या पेशींना मारतं का, आणि वणाला काही करतं का. जे औषध इथेच नापास होईल ते पुढे न्यायचं कारण नाही. जे पास होईल त्याची खरी परीक्षा पुढे बाकीच आहे.

माणसात काही झालंच नाही असं नाही. टोकियोच्या केइओ विद्यापीठात हिदेयुकी ओकानो यांच्या गटाने चार रुग्णांच्या पाठीत अशाच मूळपेशींपासून तयार केलेल्या प्रत्येकी वीस लाख पेशी सोडल्या. पहिली शस्त्रक्रिया २०२१च्या डिसेंबरात झाली. २०२५च्या मार्चमध्ये त्यांनी जाहीर केलं की चौघांपैकी दोघांत सुधारणा झाली, एक जण उभं राहण्यापर्यंत आला, दोघांत फरक पडला नाही, आणि गंभीर अपाय कुणालाही झाला नाही. जाहीर करताना त्यांनी हेही सांगितलं की मोठी चाचणी लागेल. चार माणसांत, तुलनेला दुसरा गट नसताना, सुधारणा पेशींची की निसर्गाची हे ठरवता येत नाही. आठवा ती पेनाची खूण.

आणि इथेच आपल्याकडे लूट चालते. मणका मोडला की घरात पहिले सहा महिने जीव टांगणीला लागलेला असतो. नेमक्या त्याच दिवसांत कुणीतरी स्टेम सेलच्या इंजेक्शनची जाहिरात दाखवतं. कमरेतून मज्जा काढायची, पेशी वेगळ्या करायच्या, पाठीत सोडायच्या, सोबत रोज व्यायाम. खर्च काही लाख. माझ्या ओळखीच्या एका घराने त्यासाठी गावची जमीन विकली, दुसऱ्याने मुलीच्या लग्नाचे दागिने मोडले. पेशंटची खूण दोन बोटं खाली सरकली की ते श्रेय इंजेक्शनला जातं. ती सरकणारच होती, हे घरच्यांना कुणी सांगत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७च्या मार्गदर्शक तत्त्वांत स्वच्छ म्हटलं आहे की रक्ताच्या ठरावीक आजारांतलं मूळपेशींचं रोपण सोडलं तर बाकीचा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा. चाचणीत पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. ज्या दिवशी पैसे मागितले त्या दिवशी ती चाचणी राहिली नाही, दुकान झालं. अशा दुकानदाराला सरकारने एकच प्रश्न विचारावा: तुमच्या पेशी माणसाच्या इजा झालेल्या मज्जारज्जूच्या ऊतीत नेमकं काय करतात ते दाखवा. आजवर हा प्रश्न विचारण्याची सोयच नव्हती. आता आहे.

म्हणून माझी मागणी आहे की हे काम मुंबईत, परळमध्ये, सरकारी पैशाने सुरू व्हावं. अमेरिकेत आणि जपानात होतंच आहे, मग आपण कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना माझं उत्तर आपल्या आजारांतून आहे. अमेरिकेतली प्रयोगशाळा गोळा चेचेल, कारण तिथे इजा मोटार अपघातात एका क्षणात होते. आपल्याकडे मणक्याचा क्षय आहे. शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात जाऊन बघा. हाड पोखरतं, पू साचतो, मज्जारज्जूवर आठवडे न् महिने दाब वाढत जातो, आणि एक दिवस पोरगी पायऱ्या चढता चढता बसते. हळूहळू चढणाऱ्या दाबाखाली पेशी किती काळ तग धरतात, दाब काढल्यावर कधीपर्यंत परत येतात, शस्त्रक्रिया कधी करायची, हे प्रश्न आमच्या वॉर्डाचे आहेत. ते न्यूयॉर्कला पडणार नाहीत.

दुसरं उदाहरण विदर्भातलं. लाखोळीची डाळ सतत, दुष्काळात दुसरं काही नसताना खाल्ली तर पाय कायमचे आखडतात. माणूस चवड्यांवर, मांड्या एकमेकींवर घासत चालतो. डाळीतलं ओडीएपी हे द्रव्य हालचालीच्या चेतापेशींना मारतं असं मानलं जातं. १९६१ साली तिच्या विक्रीवर बंदी आली, पुढे महाराष्ट्राने ती उठवली, आणि वाद अजून धुमसतो आहे. कमी विषाचं वाण कितपत सुरक्षित, किती खाल्लं तर चालेल, हे ठरवायला प्राणी फारसे उपयोगी पडत नाहीत, कारण त्यांच्यात हा आजार माणसासारखा घडवता येत नाही. माणसाच्या मज्जारज्जूची ऊती यासाठीच हवी. ही डाळ भंडारा-गोंदियाचा गरीब माणूस खातो. त्याच्यासाठी स्टॅनफर्ड बसणार नाही.

जागा परळच का? कारण या कामाची माणसं आणि सवय तिथे आहे. १० जानेवारी १८९७ रोजी वाल्डेमार हाफकिन यांनी आपली प्लेगची लस भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजच्या आवारात आधी स्वतःला टोचून घेतली, मग भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना. ते आवार माझ्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली. आज तिथून काही मिनिटांच्या अंतरात केईएम आहे, टाटा मेमोरिअल आहे, प्रजनन व बालआरोग्यावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत ऑर्गन-ऑन-चिपवर, म्हणजे चिपवर वाढवलेल्या अवयवाच्या पेशींवर, काम करणारे प्राध्यापक आहेत. पुण्यात राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. जिवंत पेशींवरचं बारीक काम आम्हाला जमणार नाही, हे म्हणणं तर टाटा मेमोरिअल आणि आयआयटी मुंबईने खोडूनच काढलं. त्यांच्या सहकार्यातून घडलेल्या कर्करोगावरच्या कार-टी उपचाराला २०२३च्या ऑक्टोबरात मान्यता मिळाली, परदेशातल्या किमतीच्या साधारण दहाव्या हिश्श्यात. कायदाही आडवा येत नाही. २०२३च्या मार्चमध्ये केंद्राने नव्या औषधांच्या चाचण्यांचे नियम बदलले आणि प्राण्यांऐवजी किंवा त्यांच्या जोडीला मानवी ऊती, ऑर्गनॉइड, चिप यांवरचे पुरावे ग्राह्य धरायचं ठरवलं.

माझ्याच खात्यातल्या जुन्या सहकाऱ्यांनी मला अडवलं, आणि त्यांचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. त्या म्हणाल्या, “अगं, वॉर्डात हवेची गादी मिळत नाही, दर दोन तासांनी कूस बदलायला मावशी नाही, पेशंट मज्जारज्जूने मरत नाही, पाठीच्या जखमेने आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने मरतो. तू प्रयोगशाळा कसली मागतेस?” हे शंभर टक्के खरं आहे. कुल्ल्यावर लालसर डाग दिसला त्याच दिवशी कूस बदलली तर जखम टळते, आठवडा गेला तर आत मूठभर खड्डा पडतो आणि हाड दिसतं. मी अशा जखमा धुतल्या आहेत. अपघातानंतर चार माणसांनी हातपाय धरून उचललेला पेशंट अर्धा चालता असतो तो पुरता जातो, हेही पाहिलं आहे. फळी आणि गळपट्टा असलेली रुग्णवाहिका, गादी, स्वतःची स्वतः कॅथेटर घालायला शिकवणारी नर्स, हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेसारख्या आणखी जागा, यातलं काहीही प्रयोगशाळेच्या नावाखाली मागे पडता कामा नये. पण पोलिओच्या काळात आम्ही कॅलिपरही बनवत होतो आणि हाफकिनमध्ये लसही बनत होती. एकामुळे दुसऱ्याला पैसा पुरला नाही असं झालं नाही. गादीचा पैसा कुणी प्रयोगशाळेसाठी अडवलेला नाही, तो अडतो वेगळ्याच ठिकाणी.

प्रयोगशाळा झालीच तर ती कशी असावी याबद्दलही माझं मत ठाम आहे. पेशी आपल्याच रुग्णांच्या घ्याव्यात, मणका मोडलेल्यांच्या, क्षयाच्या, लाखोळीने पाय गेलेल्यांच्या, आणि बरोबरीला त्यांच्या धडधाकट भावंडांच्या. त्यासाठी एक रक्ताचा नमुना पुरतो. पण नमुना घेण्याआधीचं संमतिपत्र सोप्या मराठीत आणि हिंदीत असावं, आणि वॉर्डात भरती झाल्याच्या आठवड्यात त्यावर सही घेऊ नये. त्या आठवड्यात माणूस कशावरही सही करतो. त्याच्या पेशी त्याच्यानंतरही वर्षानुवर्षं वाढत राहतील, त्यांतून कंपनी औषध काढू शकेल, आणि या नमुन्यामुळे त्याचे स्वतःचे पाय परत येणार नाहीत, ही तीन वाक्यं त्यात मोठ्या अक्षरांत हवीत. कंपनीला ऊती वापरायला द्याव्यात, पण फुकट नाही, आणि त्यातून निघालेलं औषध आपल्या सरकारी रुग्णालयांना परवडेल अशा भावाने मिळावं हे आधीच लिहून घ्यावं. जे औषध ऊतीत नापास झालं त्याचा निकालही सहा महिन्यांत जाहीर व्हावा, कारण दुकानदार नेमका तोच निकाल लपवतात. देखरेख समितीत व्हीलचेअरवरची माणसं सभासद म्हणून असावीत, पाहुणे म्हणून नव्हे.

महापालिकेचा अर्थसंकल्प फेब्रुवारीत मांडला जातो, राज्याचा मार्चमध्ये. त्यांची आकडेमोड दिवाळीच्या सुमारालाच सुरू होते. केईएमच्या अधिष्ठात्यांना, हाफकिन संस्थेला आणि राज्याच्या वैद्यकीय शिक्षण खात्याला मी हेच मुद्दे लेखी पाठवते आहे. ज्यांच्या घरी असा पेशंट आहे त्यांनी आपापल्या नगरसेवकाला आणि आमदाराला पत्र द्यावं, आणि त्यात गादी आणि प्रयोगशाळा दोन्ही मागावं.